सूनबाई फेज मोजती

आमच्या सांगलीच्या लॅबमध्ये रीडिंग येवो न येवो, किस्सा रोज येतो. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे सगळे माझ्याकडेच साठलेत.

यंदा मात्र धाकधूक होती. बाहेरचे परीक्षक येणार होते. आमच्या मायक्रोस्कोपवर रंग न लावलेली पेशी नीट दिसली नाही, तर लॅबची खोली ऑफिसच्या मोडक्या खुर्च्यांना!

*

पेशी काचेसारखी पारदर्शक. रंगाशिवाय दाखवायची तर उजेडाची 'फेज' मोजायची. म्हणजे काय, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. लॅबप्रमुख माने सर दुष्काळी म्हसवडचे, घरची मेंढरं.

"कळप निघाला. काही मेंढरं कोरड्यातनं, काही चिखलातनं. चिखलातली किती मागं पडली ते मोजलं, की चिखल किती खोल ते कळतं. उजेडाचंही तसंच. पेशी जिथं जाड, तिथं तो मागं राहतो."

"पण सर, म्हसवडला चिखल कुठला?" माझी जोडीदारीण सुवर्णा म्हणाली.

"म्हणून तर आमची मेंढरं वेळेवर घरी येतात!"

*

लग्नानंतरच्या पूजेला पलूसला सासऱ्यांनी भावकीत ओळख करून दिली, "आमची सूनबाई फेज मोजती."

बास! शेजारचे तात्या पुढं सरकले. "मग पोरी, आमच्या शेतातल्या डीपीवर थ्री फेज लाईट कवा येणार तेवढं सांग. ऊस वाळाय लागलाय."

मी पदर सावरत म्हणाले, "बघते."

आरती संपायच्या आत शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या! तेव्हापासून भावकीत मला लय मान.

*

उसाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला, की आमच्या स्क्रीनवरचं चित्र थरथरायचं. घरी सहज बोलले. दुसऱ्या दिवशी आमचे हे स्कूटरच्या चार ट्यूबा हवा भरून घेऊन हजर! ट्यूबांवर दगडी फरशी, फरशीवर मायक्रोस्कोप. थरथर बंद!

मैत्रिणींना पहिल्या सणाला पैठणी मिळाली, मला ट्यूबा. पण खरं सांगू? पैठणीवर मायक्रोस्कोप राहिला नसता!

*

परीक्षक आले. स्क्रीनवर सुवर्णाच्या गालाच्या आतली पेशी, मधलं केंद्रक टेकडीसारखं उठलेलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "हे आधीचं रेकॉर्डिंग आहे."

सरांचा चेहरा उतरला. परक्या माणसासमोर मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी थेट परीक्षकांनाच म्हणाले, "सर, आ करा."

कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, काचेवर टेकवली, फोकस केला. टेकडी, उतार, कडा, सगळं लख्ख! आणि शेजारी तंबाखूचा भलामोठा चुरा.

सुवर्णा कुजबुजली, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "अगं बाई, चुनापण दिसतोय!"

परीक्षक रुमालानं ओठ टिपत सरांच्या कानाशी वाकले.

"खोली तुमचीच. फक्त हे रेकॉर्ड करू नका!"