मोठीमायचा डावा हात

आमच्या मोठीमायचा उजवा हात मोकळा असायचा आणि डावा बांगड्यांनी भरलेला. नवखा माणूस आधी गोंधळायचा, मग विचारायचा. मोठीमाय म्हणजे माझी आजी, तलवाड्याची कासारीण. बांगड्यांची दुरडी डोक्यावर घेऊन ती पार चकलांब्यापर्यंत पायी जायची. आजोबा गेले तेव्हा तिच्या पदरात दोन लेकरं होती आणि तिशी अजून लांब होती. भावकीतल्या बायका तिच्या बांगड्या फोडायला बसल्या. तिनं उजवा हात पुढं केला, डावा पाठीमागं नेला आणि दिराला म्हणाली, "भाऊजी, ह्यो हात तुमच्या भावाचा. त्यो लेकरांचा हाय. मोकळ्या हाताच्या कासारणीला दारात कोण घेईल?"

गावानं वर्षभर तिच्याकडून बांगड्या भरल्या नाहीत. मग तिनं लांबची गावं धरली. एकदा गोदावरीला पूर, पलीकडं लग्न, नाव बंद. ही गुळाच्या काहिलीत, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईत बसून, दुरडी मांडीवर घेऊन नदी उतरली. "भ्या न्हाई वाटलं?" असं विचारलं की म्हणायची, "वाटलं की. चाळीस डझन माल व्हता." पलीकडं नवरीची आई विधवेच्या हातून चुडा भरून घ्यायला का-कू करू लागली, तर तिला म्हणाली, "मी नदी वलांडून आले, माय. तू उंबरा तेवढा वलांड."

हा धंदा घरात कुणीतरी शिकावा म्हणून तिनं मला धरलं. ही तिची आयुष्यातली एकमेव चूक. ती सांगायची, "काच म्हंजी नवी सून. दाबली की मोडती. बाईला बोलण्यात गुतव, ध्यान दुसरीकडं गेलं की हात मऊ पडतो." माझं पहिलं गिऱ्हाईक एक नवरी. तिला गुंतवायला मी विचारलं, "सासू कशी आहे?" ती हमसून रडायला लागली, मी घाबरलो आणि तीन बांगड्या तिच्या हातातच फुटल्या. मोठीमाय शांतपणे काचा वेचत म्हणाली, "बोलण्यात गुतव म्हणले व्हते, रडण्यात न्हाई." घरी येऊन वडिलांना म्हणाली, "ह्याला नोकरी बघा. कागद फुटत न्हाई." असा मी शाळेत कारकून झालो.

नव्वदीच्या घरात असताना ती न्हाणीपाशी घसरली. डावं मनगट मोडलं. बीडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हात टम्म सुजला होता, बोटं निळी पडू लागली होती. डॉक्टर म्हणाले, बांगड्या लगेच निघाल्या पाहिजेत. कंपाउंडर कटर घेऊन आला.

"त्याला हात लावू देऊ नको," मोठीमाय मला म्हणाली. "तू काढ."

"मी? मोठीमाय, माझ्या हातानं..."

"ठावं हाय. माझा उजवा थरथरतोय, न्हाईतर तुला कशाला म्हणले असते?"

मी साबण लावला. तिचा अंगठा तळव्यात दुमडला. 

"बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

"कायबी. तुझ्या शाळंतलं सांग."

निवृत्त होणाऱ्यांच्या यादीत मी वीस वर्षं आधीच स्वतःचं नाव घातलं होतं, ते सांगितलं. ती हसली. त्या हसण्यात पाच बांगड्या सटासट निघाल्या. पुढच्या जागेवरून हलेनात. मी आणखी एक फजिती सांगितली, मग आणखी एक. माझ्याकडं फजित्यांना तोटा नव्हता, पण सूज ऐकत नव्हती.

"बास," ती म्हणाली. "कापा आता." आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. एकेक बांगडी तुटत होती.  हुंदका आला तो माझा.

हात बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. घरी रोज सकाळी ती विचारायची, "कवा भरायच्या?" मी रोज म्हणायचो, "दिवाळीला." दिवाळी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात झोपेतच ती गेली.

बायकांनी न्हाऊ घातलं. त्या पाच बांगड्या माझ्या खिशात होत्या. त्या भरायला प्लास्टर कापू का, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "नको आता. लई सोसलं तिनं." ते खरंच होतं.  मग खाली बसून तिचा उजवा हात हातात घेतला, अंगठा तळव्यात दुमडला आणि तोंडाला येईल ते हळू आवाजात बोलत राहिलो. पाचही बांगड्या आत गेल्या. एकही फुटली नाही.

"आरं येड्या," काका म्हणाले, "उजवा हाय त्यो."

"चुकलं," मी म्हणालो. माझा लौकिकच असा, की कुणाला शंका आली नाही.

पण तो हात तिनं आजोबांना दिलेला होता. तिला हे चाललं असतं की नाही, ते आता कुणाला विचारणार?