लापशी आणि चिमूटभर मीठ

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. त्या वर्षी पाऊस लवकर गेला, भात करपलं आणि चैत्रात विहिरीही आटल्या. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात मी नुकतीच अंगणवाडीची बाई झाले होते. वजन कमी भरलेल्या मुलांना रोज दुपारी गव्हाची गोड लापशी खाऊ घालायची होती. पण पेजेवर वाढलेली ती मुलं भुकेली असूनही तोंड फिरवायची.

सगळ्यात हडकुळी, चार वर्षांची एक मुलगी म्हणाली, "बाई, आधी तू खा."

मलाही लापशी आवडत नसे. तरी एक चमचा गिळला.

"तोंड वाकडं केलंस," ती म्हणाली.

दारात बसलेल्या आया पदराआड हसल्या. तिची आई म्हणाली, "आधी बाईंचंच वजन करा. आमच्या पोरांपेक्षा त्याच बारीक."

दुसऱ्या दिवशी त्या आईनेच घरून ओलं खोबरं किसून आणलं, लापशीत घातलं, वर चिमूटभर मीठ टाकलं. मुलांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. मग रोज तीच खोबरं आणू लागली.

महिन्याभराने तपासणीला आलेल्या मॅडमनी वाढलेली वजनं पाहून माझं कौतुक केलं. खोबऱ्याचं नाव न काढता मी ते ऐकून घेतलं. मॅडम गेल्यावर मात्र मुलीची आई शांतपणे म्हणाली, "बाई, उद्यापासून नारळ तुमच्या घरचा."