त्याच्या टेबलापुढची रांग

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या पोर्चमध्ये दोन टेबलं टाकली होती. एकावर मी आणि दुसऱ्यावर माझ्याच वर्गातला एक मुलगा. दोघंही ‘कमवा आणि शिका’ योजनेतले, म्हणजे कॉलेजातच काम करून थोडा खर्च भागवणारे. काम एकच. नव्या मुलांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. योजनेच्या सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं, की दोघांपैकी एकाला पुढे वर्षभर मदत कक्षात ठेवणार. ते काम मिळालं तर त्या पैशांत मला होस्टेलमध्ये राहता येणार होतं. श्रीरामपूरहून रोज एसटीने यायचं आणि संध्याकाळी परत जायचं, हे संपणार होतं. मला ते काम हवं होतं, आणि ते माझंच आहे असं मी धरून चालले होते.

कारण मला सगळं येत होतं. एटीकेटी किती विषयांत चालते, शाखा बदलून कधी मिळते, शिष्यवृत्तीला कोणता दाखला लागतो, काम करणाऱ्या मुलाची हजेरी किती असावी लागते. सगळे नियम मी पाठ केले होते. खोटी आशा कुणाला द्यायची नाही, हेही ठरवलं होतं. कुणी विचारलं, “नोकरी लागंल ना नक्की?” तर मी म्हणायचे, “नक्की असं काही नसतं.” समोरचा माणूस मान हलवायचा, थँक्यू म्हणायचा आणि शेजारच्या टेबलापुढे जाऊन उभा राहायचा.

शेजारच्या टेबलापुढे सतत रांग. तो पाथर्डीकडचा. बोलणं गावाकडचं, आणि ते बदलायची त्याला गरज वाटत नव्हती. एक बाई घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, एटीकेटी म्हणजे काय. मी ऐकत होते. तो म्हणाला, “मावशी, एटीकेटी म्हंजी काय पोलीस केस न्हाई. पोरगं एका इषयात आडकलं तरी वर्ष जात न्हाई, पुढच्या वर्षात बसून तो इषय काढायचा. मी सोता आडकलेलो हाय, बघा, हाय ना धडधाकट?” बाई हसल्या. त्यांच्या मागचे चार जणही हसले. नियम त्याने अर्धाच सांगितला होता. मी तो पुरा सांगितला असता. पण मला कुणी विचारलंच नव्हतं.

राहात्याच्या एका पालकांनी त्याला पिशवीभर पेरू आणून दिले. त्यातला एक त्याने माझ्या टेबलावर ठेवला. मी तो खाल्ला नाही. दुपारपर्यंत तो पेरू तिथेच पिकत राहिला आणि त्याचा वास माझ्या रिकाम्या टेबलावर दरवळत राहिला.

माझे वडील शिक्षक, आणि चळवळीतले. आमच्या घरात पलंगाखाली, फडताळात, शिवणयंत्रावर पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती पत्रकांवर, आणि पाढे लिहिले त्यांच्या कोऱ्या बाजूवर. बाजारच्या दिवशी वडिलांबरोबर उभी राहून मी ती वाटायचे. त्यातलं एक मला सगळ्यांत आवडायचं: जात विचारू नका, आणि आडनावाच्या आडूनही विचारू नका. ते मला अजून शब्दन्‌शब्द येतं आणि आजही खरं वाटतं.

शेजारचा मुलगा प्रत्येकाला आधी गाव विचारायचा. “गाव कंचं? मंग जीपनं आले का एसटीनं?” तिथून कुणाची तरी ओळख निघायची, मग हास्यविनोद. मी वाट बघत होते. गावानंतर हा कधीतरी आडनाव विचारील. मग मी उठेन आणि सगळ्या पोर्चला ऐकू जाईल असं बोलेन. मनात वाक्यंही तयार होती. तो विचारत नव्हता.

मग एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तेही पाथर्डी तालुक्यातले. रांग बघून ते माझ्याकडे वळले. मुलगी त्यांच्यामागे उभी, एक शब्द बोलेना.

“ताई, हितं पोरांना काम बी मिळतं म्हंत्यात. खरं का?”

मी सगळं सांगितलं. अर्ज कधी करायचा, काम ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा बागेत असतं, ते निवडता येत नाही, हजेरी कमी झाली तर काम जातं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मला बरं वाटत होतं.

“लई चांगलं सांगितलं,” ते म्हणाले. “तुमी कुठल्या?”

“श्रीरामपूरची.”

“आडनाव?”

मी म्हणाले, “काका, आडनाव विचारू नये. ते जात विचारल्यासारखंच असतं.”

मी चुकीचं बोलले नव्हते. पण त्यांचा चेहरा पडला. “तसं न्हाई ताई, वळख निघती म्हनून…” असं काहीतरी पुटपुटत त्यांनी मुलीचा हात धरला आणि ते शेजारी गेले.

तिथेही तेच झालं. गाव निघालं, जीपवाला ओळखीचा निघाला, आणि मग त्यांनी त्यालाही विचारलं, “आन्‌ आडनाव?”

मी कान टवकारले.

“काका,” तो म्हणाला, “आडनाव सांगितलं की तुमी पाव्हनं काढनार. पाव्हनं निघालं की माझं लगीन जमवनार. माझा अजून गनिताचा पेपर राह्यलाय! आदी पोरीचं बोला.”

ते गृहस्थ मोठ्याने हसले. मुलगीही हसली. आणि हसता हसता तिने स्वतः विचारलं, “दादा, बागेत काम दिलं तर वर्गातली पोरं बघतील ना?”

“बघत्यात की. मी पहिल्या वर्षी झाडांना पानी घालायचो तवा अख्खा वर्ग बघायचा. थोडे दिस बघत्यात. मंग सबमिशन आलं की कुनाला कुनाकडं बघायला येळ नसतो.”

“आणि मराठी मीडियमचं जमतं का?”

“मी काय इंग्लंडहून आलोय व्हय?”

माझ्या अंगाची आग झाली. जे मी म्हणाले तेच तो म्हणाला होता, आडनाव सांगणार नाही. माझ्या तोंडून ते आलं तर माणूस निघून गेला, त्याच्या तोंडून आलं तर माणूस हसला. आणि मुलीचा खरा प्रश्न, ज्यासाठी ती एवढ्या लांबून आली होती, तो त्याला मिळाला. माझ्याकडे त्या प्रश्नाचा नियम नव्हता, आणि ग्रंथालयातल्या पंख्याखाली दोन वर्षं काम केल्यामुळे उत्तरही नव्हतं.

टेबलं उचलताना मी त्याला विचारलं, “तू आडनाव का नाही सांगितलंस? तुलाही पटत नाही ना ते?”

“पटायचं काय त्यात?” तो खुर्च्या एकात एक घालत होता. “सांगितलं की काही लोक पुढचा प्रश्नच इचारत न्हाईत. रांग मोडती.”

माझं आडनाव ऐकून लोक उलट खुर्ची पुढे करतात. म्हणूनच ते न सांगण्याचा मला अभिमान वाटत होता. माझं कारण मला छापून मिळालं होतं, त्याचं त्याने भोगलेलं होतं. मला त्याचा राग यायला नको होता, पण आला. त्याच्या बोलण्यात जे वजन होतं ते माझ्या बोलण्यात कधी येणार नाही, याचा मला हेवा वाटला. असला हेवा वाटून घेणं किती वाईट आहे हे मला कळतं. कळून तो कमी झालेला नाही.

मदत कक्षातलं काम त्याला मिळालं. सर म्हणाले, “तुझी माहिती जास्त पक्की आहे, पण लोक त्याच्याकडे जातात.” मी म्हणाले, “लोक जातात म्हणून ते बरोबर ठरत नाही.” सर म्हणाले, “बरोबर ठरत नाही, पण प्रश्न तर विचारले गेले पाहिजेत ना?”

वर्ग सुरू झाल्यावर एका सकाळी एसटीत राहुरीला एक नवा मुलगा चढला आणि माझ्या शेजारी बसला. त्याने मला ओळखलं.

“ताई, तुम्ही त्या टेबलावर होता ना? ते दादा आज असतात का? एक विचारायचं होतं.”

“मला विचार. मला सगळं माहीत आहे.”

तो संकोचला. “नको, त्यांनाच विचारतो.”

मी खिडकीकडे तोंड केलं. आज तो नसतो, असं सांगावंसं वाटलं. तसं सांगितलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

“जेवणाच्या सुट्टीनंतर असतो,” मी म्हणाले. “ऑफिसच्या मागची खोली. लवकर जा, नंतर रांग लागते.”