चादरीखालचे नवरदेव

कोर्चुला बेटावरच्या लुंबार्डा गावात विच्कोइतका हेकट माणूस दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो त्याचा शेजारी कुझ्मा. दोघांच्या द्राक्षमळ्यांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. अलीकडे विच्कोची गृक जातीची पांढरी द्राक्षं, पलीकडे कुझ्माची काळी प्लावाट्स. गृकाची फुलं सगळी मादी. वाऱ्यावर प्लावाट्सचे पराग आले नाहीत तर घडाला द्राक्षं नाहीत, नुसती मोहरीएवढी बोंडं. म्हणून शहाणी माणसं गृकात मधूनमधून प्लावाट्सची ओळ लावतात. विच्कोच्या बापानं लावली नाही, विच्कोनंही नाही. आमच्या वाळूत काळी वेल नको, असा त्या घराचा तोरा. शेजारचे फुकटचे पराग मात्र बिनबोभाट चालायचे.

त्या वर्षी विच्कोच्या मुलीचं, फानीचं, लग्न ठरलं, नोव्हेंबरात सान मार्टिनच्या सणाला, नवी वाइन उघडतात त्या दिवशी. मुलगा विस बेटावरचा. त्यांच्याकडे वुगावा द्राक्षं आणि त्यांच्या वाइनचा त्यांना भलता अभिमान. फानी जन्मली तेव्हाच विच्को बोलून बसला होता की हिच्या लग्नात घरचाच गृक प्यायचा. जुना तर ईस्टरलाच संपलेला. यंदाचा झाला नाही तर व्याही पिंपं घेऊन येणार आणि आपल्याच अंगणात त्यांची वुगावा पिऊन वा वा करावं लागणार.

आणि नेमकं तेव्हाच, पत्त्यांच्या डावात, कुझ्मा म्हणाला की तुझा गृक गेल्या खेपेला जरा आंबटच होता. झालं. विच्कोचं डोकं फिरलं.

"तुझ्या काळ्या वेली म्हणजे माझ्या भिंतीवरचे राखणदार," तो भरल्या खानावळीत म्हणाला. "राखणदारानं मालकिणीच्या चवीत तोंड घालू नये."

कुझ्मानं पत्ते खाली ठेवले. "बरं. राखणदार उद्यापासून रजेवर."

जूनमध्ये फुलोरा आला आणि कुझ्मानं भिंतीलगतच्या वेलींना चादरी पांघरल्या. घरातले पलंगपोस, होडीचं जुनं शीड, बायको पेरिनाचा लग्नातला टेबलक्लॉथ. मळा आहे की धोबीघाट, कळेना. पाद्रीबाबा समजूत घालायला गेले, तर कुझ्मानं त्यांचा झगाच मागितला, कारण एक वेल उघडी राहिली होती.

विच्को कसला नमतोय. तो फेरीबोटीनं समोरच्या किनाऱ्यावर पेल्येशात्सला गेला आणि आपल्या वेलींवर झटकायला मेहुण्याच्या मळ्यातून फुललेल्या प्लावाट्सच्या फांद्यांचा भारा घेऊन आला. खाली फुलं गुदमरतील म्हणून बसला डेकवर. दुपारचा वारा सुटला. धक्क्याला लागेपर्यंत त्याच्या हातात काड्या आणि उतारूंच्या अंगावर पिवळी धूळ. एक बाई शिंकत शिंकत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

घरी फानी भांडत बसली नाही. "बाबा, विसवाल्यांना सांगते, वाइन तुम्हीच आणा," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

हे मात्र लागलं. विच्को तसाच भिंतीपाशी गेला.

"कुझ्मा, राखणदार नाहीत ते."

"मग कोण?"

"नवरदेव. त्यांच्यावाचून माझ्याकडे काही नाही. बापाच्या वेळेपासून नाही."

कुझ्मा भिंतीशी आला. मग म्हणाला, "हे आधी बोलायला काय झालं होतं? आम्ही उघड्या गादीवर झोपतोय."

दोघांनी मिळून चादरी काढल्या. आत उन्हानं फुलं वाफवून निघालेली, तपकिरी, हात लावताच गळणारी. कुझ्माचं भिंतीलगतचं पीक गेलं, विच्कोचंही गेलं. फक्त कोपऱ्यातली एक वेल टवटवीत होती, कारण बहीण राहायला येणार म्हणून पेरिनानं पाहुण्यांची चादर गुपचूप परत नेली होती. पलीकडच्या त्या एका वेलीच्या जिवावर अलीकडे थोडेसे घड धरले.

लग्नात वुगावाची पिंपं आली, वा वा झालं, विच्कोनंही केलं. मग त्यानं टेबलावर यंदाच्या गृकाचा एकच काचेचा बुधला आणून ठेवला आणि पहिला पेला कुझ्माच्या हातात दिला.

कुझ्मानं घोट घेतला, तोंडात घोळवला. "आंबट आहे."

विच्कोनं स्वतःचा पेला भरला.

"बापावर गेलाय," तो कुझ्माकडे पेला उंचावत म्हणाला.