पातळ पत्र्याची हर्षला

लोधिवलीच्या फाट्याजवळ, जुन्या हायवेला लागून, पत्र्याची एक शेड आहे. ट्रॉलीचा तुटलेला हुक, गेटचं निखळलेलं बिजागर, रसाच्या गाड्याचा मोडका पाय, असलं काहीबाही घेऊन लोक तिथे येतात आणि बाहेरूनच हाक मारतात, "वहिनी हायेत का?"

वहिनी म्हणजे हर्षला ठोंबरे. खोपोलीच्या एका कारखान्यात दुधाच्या स्टीलच्या टाक्या जोडण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. कारखाना परराज्यात हलला तेव्हा तिने वेल्डिंगचं मशीन आणि गॅसची नळकांडी आणून घराशेजारीच दुकान थाटलं. नवरा साईनाथ टेंपो चालवतो. सासू सोनुबाई गिऱ्हाइकाला पाणी देते आणि पेला रिकामा व्हायच्या आत त्याच्या घरची सगळी खबरबात काढून घेते.

एक दिवस नेरळचा योगेंद्र आला. धंदा लग्नाच्या जेवणावळींचा, पण जीव सगळा गाड्यांत. एका जुन्या, चिमुकल्या गाडीत त्याने भलंमोठं इंजिन बसवलं होतं आणि कर्जतच्या माळावरच्या चिखलातल्या शर्यतीत ती पळवायची होती. अडचण एकच. इंजिनाच्या चार सिलिंडरना हवा वाटून देणारा मॅनिफोल्ड बॉनेटखाली मावत नव्हता. म्हणून त्याला नवा, आखूड मॅनिफोल्ड करून हवा होता. एक डबा, त्यातून निघणाऱ्या चार नळ्या आणि इंजिनाला बसणारी जाड पट्टी, सगळं ॲल्युमिनियमचं. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याचा नमुनाच त्याने करून आणला होता.

"ताई, जमेल ना?"

"न जमायला काय झालं?" हर्षला म्हणाली. बोलताना तोरा होता खरा, पण इतकं पातळ ॲल्युमिनियम तिने आजवर कधी जोडलं नव्हतं.

लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. ॲल्युमिनियम काही बोलत नाही. आहे तसं पांढरं राहतं, क्षणभर चकाकतं आणि भसकन खाली गळतं. पहिल्या नळीला भोक पडलं. दुसरीला त्याहून मोठं. योगेंद्र मागून वाकून वाकून बघत होता. शेवटी सोनुबाईंनीच त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं. "भाऊ, तुमी हिकडं बसा. हजार पानांची बासुंदी आटवताना बुडाला लागत कशी नाय, ते मला सांगा."

तो गेल्यावर हर्षला भोकं पडलेल्या नळ्या मांडीवर घेऊन बसली. सोनुबाई म्हणाल्या, "त्या रोहिदासाला इचार की गं."

"नको आई. त्यांचे हात थरथरतात आता. वेल्डिंगचा टॉर्च धरता येत नाही. आपण हे घेऊन गेलो तर वाईट वाटेल त्यांना."

"वाईट वाटंल की बरं वाटंल, ते त्याचं त्याला ठरवू दे."

रोहिदास म्हणजे कारखान्यातला तिचा उस्ताद. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्कूटरवरून भिसेगावात पोचली तेव्हा रोहिदासकाका ओट्यावर बसून कुंडीतल्या तुळशीला तिसऱ्यांदा पाणी घालत होते. तिने पिशवीतून नळी काढली. काकांनी भोकातून बोट आरपार घातलं आणि खो खो हसले.

"माशी शिरंल यातून! जिजा, माझी चप्पल कुठं हाय?"

"न्या बाई त्यांना," जिजाकाकू आतूनच म्हणाल्या. "तुळस तरी वाचंल माझी."

शेडमध्ये काका खुर्ची टाकून बसले ते वेल्डिंगचा झगझगाट अडवणाऱ्या पडद्याकडे पाठ करूनच. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, उजेड सोसत नव्हता. पण कान शाबूत होते. आधी त्यांनी नव्या कापलेल्या नळ्या घासून पुसून लख्ख करायला लावल्या, मग ती पट्टी जाड लोखंडी प्लेटवर बोल्टांनी आवळून घ्यायला लावली, म्हणजे तापून वाकायला नको.

"आता ऊब जाड पट्टीला दे. पातळ नळीला नुसतं भेटून यायचं. मुक्काम करायचा नाय."

हर्षलाने मशीनचं पायडल दाबलं. सूं सूं आवाज सुरू झाला. मध्येच तो किंचित फाटला.

"टेकलं तुझं टॉर्चचं टोक पत्र्याला! थांब, घासून घे."

"दिसलं कसं तुम्हाला?"

"दिसतंय कुठं? ऐकू येतंय."

एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं, असं करत चारही नळ्या उभ्या राहिल्या. टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसले होते. योगेंद्र आला. नळ्यांची तोंडं बंद करून आत कॉम्प्रेसरची हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी सोडलं. तिसऱ्या नळीच्या बुडाशी एक बुडबुडा फुगला आणि हळूच फुटला.

"एवढंसं चालेल हो, ताई," योगेंद्र म्हणाला.

"चालंल की," काकाही म्हणाले. ते खुशीत होते.

हर्षलाने मान हलवली. "इथून हवा ओढली तर गाडी उभ्या उभ्या कुंथत राहील. आणि नाव माझं सांगाल." तिने ग्राइंडर उचलला आणि सांधा कापून पुन्हा केला. या खेपेला काका पाठ फिरवून नुसते उभे राहिले. मागे हात बांधून ऐकत राहिले. पुन्हा साबणपाणी सोडलं, पण बुडबुडा काही आला नाही.

"मला विचारायची गरज नव्हती तुला," काका म्हणाले.

"होती," हर्षला म्हणाली. "उद्या पण या."

शर्यतीत योगेंद्रचा नंबर काही आला नाही. तिसऱ्या वळणावर गाडी बांधावर चढली आणि तिथेच बसली. ट्रॅक्टरने ओढून बाहेर काढली तरी इंजिन अगदी एकसुरात चालू होतं. बॉनेट उघडताच पोरं गोळा झाली. चिखलातून वाट काढत रोहिदासकाका पुढे झाले आणि ज्याला त्याला सांगू लागले, "हिनं केलाय. हिनं!" हर्षला लाजून साईनाथच्या मागे सरकत होती, तेवढ्यात योगेंद्रने चावी तिच्या हातात ठेवली.

"ताई, माळ मोकळा आहे आता. एक फेरी मारा."

साईनाथच्या टेंपोवर तिचा हात बसलेला होता. ती सीटवर बसली. शेजारी काका न विचारताच चढले. सोनुबाई ओरडल्या, "रोहिदास, पट्टा लाव रं!" हर्षलाने पाय दाबला. गाडीने हुंकार भरला आणि चिखलाचा फवारा उडाला तो थेट योगेंद्रच्या पांढऱ्या शर्टावर. पहिल्याच वळणावर काका जोरात ओरडले, "दाब अजून!"