जाळीतली पांढरी पावडर

मला बंद पडलेल्या वस्तू उघडायचा नाद आहे. अमरावतीच्या आमच्या घरातला मिक्सर, इस्त्री, शेजारणीचं भिंतीवरचं घड्याळ, सगळं एकदा तरी माझ्या हातून उघडलं गेलंय, आणि त्यातलं निम्मंच पुन्हा नीट बंद झालंय, असं नवरा म्हणतो. कॉलेजात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवूनही हा नाद फिटला नाही. म्हणून अकोल्याहून वहिनीचा फोन आला, "ताई, गालिचा धुवाची मशीन पाणी सोडते, पन वढत नाई," तेव्हा मला खरं तर आनंदच झाला. रविवारी सकाळच्या गाडीने निघाले, पर्समध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून.

गालिचा बाबांच्या बैठकीतला, म्हणजे बाहेरच्या खोलीतला. बाबा आयुष्यभर वकिली करत आले. कोर्टात छापील मराठी आणि घरात वऱ्हाडी, अशी त्यांची वाटणी. आता पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात त्यांना लघवीचा त्रास सुरू झाला आणि बाथरूम गाठायच्या आत दोन-तीनदा गालिच्यावरच झालं. भावाने तेव्हाच स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर गालिचा काढू आणि तुमचा पलंग मागच्या खोलीत, बाथरूमला लागून टाकू. त्याचं फार चुकत होतं असं नाही. पण अजूनही आठवड्याला दोन-चार माणसं मूर्तिजापूर-पातूरकडून वाटणीचे कागद घेऊन येतात, तिथल्या लाकडी तक्तपोसावर टेकतात आणि बाबा चष्मा चढवून त्यांचे सातबारे वाचतात. "मांगच्या खोलीत मले भेटाले फक्त डॉक्टर येईन," एवढंच बाबा म्हणाले होते. मग भावाने गालिच्यासाठी ही मशीन आणली, डॉक्टरांनी गोळी दिली, आणि महिन्याभरात बाबांनी जाहीर केलं की त्रास थांबला. आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं.

मी पोचले तेव्हा भाऊ बैठकीत चहा पीत होता. "दुकानदार म्हणते नवीन घ्या," तो म्हणाला. "मी म्हणतो गालिचाच काढून टाकू. झंझटच नको." बाबांनी पेपर जरा वर धरला.

मशीन अंगणात नेली. मळक्या पाण्याची टाकी निघाली, तिच्याखाली चार स्क्रू, आणि त्यांच्याखाली एक गोल धातूची जाळी. चहाच्या गाळणीएवढीच, पण भोकं इतकी बारीक की सुईसुद्धा शिरू नये. ओढलेलं सगळं पाणी हिच्यातून जातं. आत्ता तिच्यातून उजेडसुद्धा पार होत नव्हता. मी खूश झाले. बिघाड सापडला की मला भूक सुचत नाही; वहिनीने पुढे ठेवलेले पोहे तसेच राहिले.

जाळीवर तीन थर होते. वरचा राखाडी, धाग्यांचा आणि केसांचा. तो नखाने पापुद्र्यासारखा निघाला. तळाशी कडक पांढरी खपली होती. ती कशाची हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. आमच्याकडच्या बोअरचं पाणी असं खारं की बादलीच्या कडेला आठवड्यात पांढरं वर्तुळ उमटतं. वहिनीकडून व्हिनेगर मागून घेतलं, वाटीत जाळी बुडवली आणि बुडबुडे येत असताना बघत बसले. एवढी वर्षं तेच बुडबुडे पोरींना दाखवतेय, तरी बघायला आवडतात.

कोडं होतं ते मधल्या थराचं. पांढरा, मऊ, गुळगुळीत लगदा, भोकाभोकांत लोण्यासारखा दाबून बसलेला. व्हिनेगरने त्याला काही झालं नाही. गरम पाण्यानेही नाही. म्हणजे क्षार नव्हे, साबण नव्हे. बोटांत चोळला तर निसटत होता. जुन्या टूथब्रशने मागच्या बाजूने घासला तेव्हा कुठे भोकं मोकळी होऊ लागली, आणि ओल्या ब्रशला चंदनाचा मंद वास आला. अंगाला लावायची पावडर. आणि थोडीथोडकी नाही, डबेच्या डबे रिकामे झाल्याशिवाय एवढा लगदा साचायचा नाही.

मला इतका आनंद झाला की पुढचा विचारच सुचला नाही. पाण्याने निथळणारी जाळी एका हातात आणि लगद्याची बशी दुसऱ्या हातात घेऊन मी बैठकीत गेले आणि वर्गात विचारते तसं विचारलं, "गालिच्यावर एवढी पावडर कोण टाकतं?"

भावाने मान वर केली. वहिनी दारातच उभी होती. ती लगेच म्हणाली, "म्या सांडवली, ताई. आमच्या शाळेतल्या पोरायच्या कॅरमच्या मॅची होत्या ना. बोर्ड घरी आनून इथंच घासले म्या."

"ही कॅरमची नाही वहिनी," मी म्हणाले. "कॅरमची बोरिक असते. हिला तर—"

आणि माझी नजर बाबांकडे गेली. पेपर तोंडासमोर होता, पण पान अजून मी आले तेव्हाचंच होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्रास थांबला नव्हता. वहिनी शाळेत, भाऊ ऑफिसात गेला की बाबा वास मारायला पावडर टाकत होते आणि मग एकटेच, काठी भिंतीला लावून, ही जड मशीन फिरवत होते.

"हिला तर काय?" भावाने विचारलं.

"हिला तर विरघळायला वेळ लागतो," मी म्हणाले. "बरोबर आहे वहिनींचं. कॅरमचीच आहे." रसायनशास्त्राच्या बाबतीत मी एवढं धडधडीत खोटं आजवर बोलले नव्हते. आणि जन्मभर खोट्या साक्षी उलटवणाऱ्या माणसाने पेपराचं पान उलटून ती साक्ष गपचूप मान्य केली.

अंगणात परत आल्यावर वहिनी माझ्या मागे आली. "चार महिन्यांपासून मालूम हाय मले," ती हळूच म्हणाली. "शाळेतून आली का गालिचा वला राह्यते. म्या त्यायले इचारलं नाई. काहून इचारू? त्यायले वाटते कोनाले मालूम नाई." मला माझीच लाज वाटली. बाबांची पोटची पोर मी, आणि त्यांची अब्रू राखत होती ती.

जाळी आरशासारखी झाली. मी मशीन बैठकीत आणली, गालिच्यावर मांडी घातली आणि वहिनीला शिकवायच्या निमित्ताने मोठ्याने, सावकाश बोलू लागले. "ही टाकी अशी उचलायची. आता इथे स्क्रू लावलेले नाहीत, नुसती खटकी ठेवलीय, जोर लागत नाही. जाळी डावीकडे फिरवली की सुटते. दर आठवड्याला ब्रश मारायचा. आणि काहीही सांडलं, चहा सांडला, काहीही, तर पावडर टाकायची नाही. व्हिनेगरचं पाणी शिंपडायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग मशीन. मागे काही राहत नाही."

वहिनी मान डोलावत होती. भाऊ मोबाइलमध्ये होता. बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

"एका मगाले किती घ्याचं?" त्यांनी विचारलं.

"दोन चमचे, बाबा."

"मोठे का लहान?"

"मोठे."

"दोन मोठे," ते म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढलं, पेपराच्या कोऱ्या कडेवर ते लिहून घेतलं, तेवढाच तुकडा फाडला आणि चष्म्याच्या डबीत ठेवला.