शिनेमातला धूर

मित्रहो, आज दुपारी जे घडलं ते इथं वाचनालयाच्या फळ्यावर लावतोय. घरात बसवेना.

मी गिरणीत साचेखात्याचा जॉबर, म्हणजे मागांवरच्या कामगारांचा मुकादम, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आज सुट्टी म्हणून एकटाच शिनेमाला गेलो. पडद्यावर एक आई पोराची वाट बघत मरायला टेकली, अन् माझे डोळे वाहायला लागले. माझी आई गेली तेव्हा मी टिपूसही गाळलं नव्हतं, त्याचा मला अभिमान होता! आज अंधार होता, म्हणून डोळे पुसलेही नाहीत.

तेवढ्यात रीळ बदलायला दिवे लागले.

पुढच्या बाकावर आमच्याच खात्यातला बसप्पा. त्यानं वळून माझं ओलं तोंड पाहिलं. त्याच्या शेजारचे दोघं हसणार, तोच तो मोठ्यानं म्हणाला, "बिड्यांचा धूर लई झालाय की हितं! जॉबरसायबांच्या डोळ्यात गेला बघा."

"व्हय, धूरच," मी म्हणालो.

गेल्या महिन्यात ह्याच बसप्पाची आई गेली. कामावर आला त्या दिवशी तो साच्यापाशी उभा राहून रडत होता. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाजूला हो, कापडाला डाग पडतील." अख्खं खातं हसलं होतं.

दिवे गेल्यावर मी उठून बाहेर आलो. तेव्हापासून नुसत्या येरझारा घालतोय. उद्या भोंगा झाला की त्याच्यासमोर उभं राहायचंय.

बसप्पाला वाचता येत नाही. खरं सांगा, म्हणूनच मला हे लिहायचं धाडस झालं, होय ना?